गुरुवारी भोसरीत कोण भेटतं?

एकाच एक्सेल शीटमध्ये भोसरी, इचलकरंजी आणि बोईसर कोंबलं की काय होतं? एका मित्राच्या अप्रेझलच्या निमित्ताने झालेली ही भटकंती.

सोमवार, सकाळी नऊ अठ्ठावीस. लोअर परळच्या एका काचेच्या बिल्डिंगमधून मेल सुटतो. सब्जेक्ट लाइनमध्ये एकच शब्द, 'प्रॉडक्टिव्हिटी!', तोही उद्गारचिन्हासकट. खाली एक्सेलची शीट. हिरवे रकाने, पिवळे रकाने आणि ज्यांचं नशीब फुटकं त्यांचे लाल रकाने. नोकरी करत असाल तर अशी शीट तुम्ही पाहिली असेलच. आपला रकाना बघण्याआधी शेजारच्याचा बघितला असेल, हेही मला माहीत आहे.

यावेळी हा मेल माझ्या एका मित्राला आला. ग्रुपमध्ये आम्ही त्याला 'साहेब' म्हणतो. एरिया मॅनेजर झाल्याची पार्टी त्याने ठेवली आणि स्वतःच आला नाही, मीटिंग होती म्हणे! छोट्या कारखानदारांना मशिनरीसाठी कर्ज देणाऱ्या एका कंपनीत तो आहे. हाताखाली तीन ब्रँचेस - भोसरी, इचलकरंजी आणि बोईसर. कंपनीच्या लेखी प्रॉडक्टिव्हिटी म्हणजे माणशी महिन्याला किती फाइल्स पास झाल्या. बस्स, एवढंच. या हिशेबात बोईसर हिरवं होतं, भोसरी पिवळं आणि इचलकरंजी लालभडक.

मेलमध्ये दोन ऑर्डरी होत्या. पहिली, यापुढे सगळ्या ब्रँचेसमध्ये 'फील्ड थर्सडे'. गुरुवारी कोणीही ऑफिसात बसायचं नाही, दिवसभर कस्टमरकडे. दुसरी, लाल ब्रँचमधल्या सगळ्यात कमी स्कोअरवाल्याचं नाव महिनाअखेर 'पीआयपी'त टाकायचं. पीआयपी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन. मराठीत सांगायचं तर तीन महिने बघतो, नाहीतर या आता.

इचलकरंजीत दोनच पोरं. त्यातल्या एकाचं नाव जाणार हे उघड होतं. चोवीस वर्षांचा, तिथलाच, वडील यंत्रमागावर कामगार, सहा महिन्यांपूर्वी लग्न झालेलं. "अरे, पोरगा कामचुकार असता तर मी डोळे मिटून नाव टाकलं असतं," साहेब म्हणाला. "पण तो माझ्यापेक्षा जास्त राबतो. मग आकडा का येत नाही?"

मी फ्रीलान्सर. माझी प्रॉडक्टिव्हिटी मोजायला कोणी बसलेलं नाही (आम्ही फक्त पेमेंट कधी येतं ते मोजतो). म्हटलं, चल, मीही येते बघायला.

शटर डाउन

पहिला गुरुवार, भोसरी एमआयडीसी. ब्रँचची चार पोरं टायबिय लावून, बॅगा लटकवून रस्त्यावर उतरली आणि रस्ता सामसूम. शटर डाउन, गेट बंद, वॉचमन पेपर वाचतोय. चहाच्या टपरीवर एक सुपरवायझर भेटला, तोही घरचं सामान आणायला निघालेला. "आज गुरुवार ना साहेब! आज कोण भेटणार? उद्या या."

पुण्यात राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. कारण वीज. सगळ्या औद्योगिक वसाहती एकाच रविवारी बंद आणि उरलेले सहा दिवस एकदम चालू, असं झालं तर विजेचा भार पेलवत नाही. म्हणून राज्यात वसाहतींना वेगवेगळे वार वाटून दिले गेले. इथल्या हजारो घरांमध्ये नवऱ्याचा रविवार गुरुवारी येतो आणि बायकोचा, ती शाळेत किंवा बँकेत असेल तर, रविवारी. त्या संसारांवर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा.

लोअर परळला हे माहीत नव्हतं. का असेल? मुंबईत विजेचा विचार करावा लागत नाही. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तर ती देशभर ब्रेकिंग न्यूज झाली. २००५ नंतरची काही वर्षं उरलेल्या महाराष्ट्रात हे रोजचंच होतं, त्याची बातमी सोडा, वेळापत्रक छापून यायचं! ज्या विदर्भात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरची वीजकेंद्रं, तिथेही लोडशेडिंग.

पुण्याने तेव्हा, २००६ साली, एक सॉलिड आयडिया काढली. मोठ्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होते. त्यांनी गर्दीच्या वेळेला ते चालवायचे, तेवढी वाचलेली वीज शहराला द्यायची आणि डिझेलचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी वाटून घ्यायचा. 'पुणे मॉडेल' या नावाने ते गाजलं. पण हे जमलं कारण पुण्याकडे जनरेटरवाले मोठे कारखाने होते आणि जादा बिल भरू शकणारं गिऱ्हाईक होतं. मालेगावात हे कोण करणार?

भारतातल्या वीजटंचाईवर हंट ऑलकॉट आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१६मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त आला. टंचाईमुळे सरासरी कारखान्याचं उत्पन्न ५ ते १० टक्क्यांनी घटतं, असा त्यांचा हिशेब. पण खरी मेख पुढे आहे. लहान कारखान्यांना जास्त मार बसतो, कारण छोटा जनरेटर युनिटमागे महाग पडतो. म्हणजे वीज जाते सगळ्यांची, कामाला खीळ बसते लहानाच्या.

भोसरीचं स्वतःचं इंजिन मात्र वेगळंच आहे. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही पुन्हा गेलो. सीएनसी मशीनवर गाड्यांचे पार्ट करणारा एक मालक भेटला, चाळिशीचा, हातात ग्रीस. त्याचे वडील एका मोठ्या कंपनीत टूलरूममध्ये होते. १९६०च्या दशकात टेल्को, बजाज या पट्ट्यात आल्या आणि त्यांच्या आधाराने हे शेकडो वर्कशॉप उभे राहिले. "आमची एफिशियन्सी आम्ही नाही वाढवली हो," तो म्हणाला. "कस्टमरचा इंजिनीअर दर महिन्याला येऊन डोक्यावर बसतो. रिजेक्शन किती, सेटिंगला वेळ किती, बोर्डावर लिहून दाखवा. नाही दाखवलं तर ऑर्डर शेजारच्या गल्लीत." गिऱ्हाईकच मास्तर, आणि शाळा घरापासून पाच किलोमीटरवर. अशा माणसाचे कागद तयार असतात, बॅलन्सशीट फायलीत लावलेली असते. कर्जाची फाइल चार दिवसांत होते. फक्त गुरुवारी जाऊ नका.

अण्णांचा हिशेब

इचलकरंजीला रात्रीच्या बसने गेलो. वाटेत कोल्हापूरला उतरून शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना भेटायचा प्लॅन होता, पण वेळ कमी होता. ऊस, पाण्याची इंजिनं आणि ती दुरुस्त करणारे मिस्त्री यातून उभं राहिलेलं ते गाव. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरासुद्धा तिथेच बनवला होता, १९१८च्या सुमाराला! तिथल्या कारखानदारांची तक्रार मात्र वर्षानुवर्षं एकच: पलीकडे कर्नाटकात वीज स्वस्त. मागच्या दशकात तर सगळे मिळून सीमेपलीकडे जायची भाषा झाली होती.

इचलकरंजीत पाय ठेवला की आधी आवाज येतो. खटखट, खटखट. गल्लीतून, घरामागून, वरच्या मजल्यावरून. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा पाठिंबा होता. त्यानंतर आवाज काही थांबलेला नाही. २०२२मध्ये गावाची महानगरपालिका झाली.

साहेबाचा पोरगा स्टँडवर न्यायला आला होता. स्प्लेंडर, पाठीला सॅक, झोप न झालेले डोळे. "सकाळी पाळी बदलताना गेलं तरच मालक भेटतात, सर. दहा वाजता कोण नसतंय." एक्सेलमध्ये मात्र त्याचा दिवस साडेनऊला सुरू होतो.

तो आम्हाला ज्यांच्याकडे घेऊन गेला त्यांना सगळे अण्णा म्हणतात. बावीस साधे माग, पत्र्याचं शेड, कोपऱ्यात देव्हारा. "बसा की. चहा घ्या की." मग आवाजावर ओरडून गप्पा.

अण्णा खर्चीवाले. मला हा शब्द नवा होता. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग अण्णांचे. कापड विणून परत व्यापाऱ्याला द्यायचं आणि पीकाप्रमाणे मजुरी घ्यायची. पीक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी, तिचे पैसे अक्षरशः पैशांत. त्या मजुरीतून कामगाराचे मीटरवर, कांडीवाल्याचे, जॉबरचे, वहिफणीवाल्याचे आणि विजेचं बिल. जे उरेल ते अण्णांचं.

"अण्णा, दोन रॅपियर घ्या ना. एक माग तुमच्या कितीतरी मागांचं काम करेल," साहेब म्हणाला. सेल्सचा पाठ केलेला डायलॉग.

अण्णा हसले. "घेतो की. सूत तुम्ही देणार? व्यापाऱ्यानं दोन महिने बिम दिली नाही तर हप्ता कुणाच्या खिशातनं? साधा माग बंद ठिवला तर गंजतोय फक्त. रॅपियर बंद ठिवला तर घर जातंय."

आणि मग विजेचा हिशेब. साध्या मागाला साधारण एक हॉर्सपॉवरची मोटर लागते. सरकारची वीज सवलत २७ हॉर्सपॉवरच्या आत एक आणि बाहेर एक. २०२४मध्ये जादा सवलत जाहीर झाली तीसुद्धा आतल्यांना युनिटमागे १ रुपया, बाहेरच्यांना ७५ पैसे. अण्णा बावीसवर थांबले आहेत ते आळसाने नाही. मोठं व्हायचं तर ही रेघ ओलांडावी लागते आणि ती ओलांडायची तर एकदम इतकं मोठं व्हावं लागतं की मधल्या पायऱ्याच नाहीत. छोट्यांना वाचवायला केलेली सवलत छोट्यांना छोटंच ठेवते का? मला तसं वाटतं. अण्णांना तसं अजिबात वाटत नाही, "ती बी काढली तर मेलोच" असं त्यांचं मत आहे, आणि बिल ते भरतात, मी नाही.

अजून एक गोष्ट शीटमध्ये दिसत नाही. नव्या मशिनरीसाठी केंद्राची 'टफ' योजना होती, १९९९पासून. तिची शेवटची आवृत्ती मार्च २०२२मध्ये संपली. सबसिडी होती तेव्हा नव्या मागांच्या फायली आपोआप चालत यायच्या, असं जुनी माणसं सांगतात. आता एकेक फाइल समजावून, भावांना बसवून, सीएला पटवून उभी करावी लागते. मजुरीवर काम करणाऱ्याच्या खात्यावर उलाढाल छोटी दिसते, त्यामुळे कंपनीच्या फॉर्मच्या निम्म्या रकान्यांत काही बसतच नाही.

निघताना मी पोराला विचारलं, तुझ्या फायली कमी, पण बुडालेल्या किती? तो म्हणाला, "अजून एकपण हप्ता बाउन्स नाही." साहेबाने ब्रँचच्या रजिस्टरमध्ये बघितलं. खरं होतं. आणि तो रकाना मुंबईच्या शीटमध्ये नव्हता.

बोईसरचे भाऊ

आता हिरवं बोईसर. इथलं गुपित साहेबाला आधीपासून माहीत होतं, फक्त मेलमध्ये लिहिण्याची हिंमत नव्हती. तारापूर एमआयडीसीत कारखाना असतो, पण सही करणारा मालक बऱ्याचदा मुंबईत बसतो. फाइल तयार होते मालाडला किंवा काळबादेवीला, मुंबई ऑफिसचा माणूस टॅक्सीने जाऊन सह्या घेऊन येतो आणि आकडा जमा होतो बोईसर ब्रँचला. बोईसरची पोरं त्या दिवशी काय करतात? "विचारू नकोस," साहेब म्हणाला.

पण तारापूर हे नाव अर्थशास्त्राच्या जगात फेमस आहे, हे मला या लेखाच्या तयारीतच कळलं. स्टॅनफर्डचा निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन आणि त्यांच्या टीमने २००८पासून तारापूर आणि पलीकडे गुजरातच्या उंबरगावमधल्या कापड गिरण्यांवर एक प्रयोग केला. १७ कंपन्या, २८ कारखाने. त्यातल्या काही कारखान्यांत पाच महिने फुकट कन्सल्टंट बसवले. सांगितलं काय, तर रॉकेट सायन्स नाही. माग कधी आणि का बंद पडला ते रोज लिहा. कापडातले दोष मोजा. सूत कुठल्या रंगाचं, किती, कुठे ठेवलंय याची यादी करा. जाण्यायेण्याच्या वाटेतला कचरा उचला. रोज सकाळी दहा मिनिटं सगळ्यांनी उभं राहून बोला.

पहिल्याच वर्षात प्रॉडक्टिव्हिटी १७ टक्क्यांनी वाढली! नवीन मशीन नाही, नवा कायदा नाही. २०१३मध्ये हा रिसर्च छापून आला आणि जगभर गाजला.

मग हे मालक आधी का करत नव्हते? काहींना वाटत होतं, आपलं ठीकच चाललंय की. पण त्या रिसर्चमधली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. कंपनी किती मोठी होणार हे मॅनेजमेंट किती चांगलं यापेक्षा मालकाच्या घरात पुरुष किती यावरून जास्त चांगलं सांगता येत होतं. भाऊ तीन तर कारखाने तीन. बाहेरच्या मॅनेजरच्या हातात तिजोरीची किल्ली द्यायला कोणी तयार नाही, कारण त्याने सूत विकून खाल्लं तर कोर्टात वर्षं जाणार. (मुलींच्या हातात किल्ली द्यायचं कोणाच्या डोक्यातही आलेलं दिसत नाही. असो.)

रेषेच्या एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात. दोन सरकारं, दोन वीज कंपन्या. रोग मात्र एकच. म्हणजे 'गुजरातमध्ये सगळं पटापट होतं' हा जो आपला लोकलमधला आवडता विषय आहे, तो निदान या पट्ट्याला लागू नाही. इचलकरंजीत अण्णा अडलेत सुतावर आणि विजेवर, इथे लोक अडलेत विश्वासावर.

टीम काही वर्षांनी परत गेली. २०२०मध्ये त्याचा निकाल आला. शिकवलेल्या सवयींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या. मॅनेजर बदलला, मालकाला वेळ मिळेना, की वही बंद. तरीही हे कारखाने इतरांपेक्षा पुढेच होते. डाएट करणाऱ्या कोणालाही हे पटेल.

साहेबाचा नागपूरचा कलीग या सगळ्यावर फोनवर एवढंच म्हणाला, "तुमचं छान आहे रे, मे महिन्यात दुपारी एक ते चार मी फील्डवर पोरं पाठवू का मारायला?" त्याचंही चूक नाही. सुरतचे विणकर आणि इतर ठिकाणच्या कारखान्यांवरचा ई. सोमनाथन आणि सहकाऱ्यांचा २०२१चा अभ्यास आहे: वर्षभराचं तापमान एका अंशाने वाढलं तर उत्पादन साधारण २ टक्क्यांनी घटतं. एसी लावला तर काम सुधारतं, पण उन्हाने रात्रभर झोप न झालेला कामगार दुसऱ्या दिवशी येतच नाही, त्याला एसी काय करणार?

महिनाअखेर

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी साहेब आणि मी दादरला भेटलो. त्याच्यासमोर लॅपटॉप, शीट उघडी, पीआयपीचा रकाना रिकामा. रिकामा रकाना सिस्टिम घेत नाही, एरर देते. त्याने मोठा मेल लिहिला. भोसरीचा गुरुवार, अण्णांचे २७ हॉर्सपॉवर, मालाडच्या सह्या, न चुकलेले हप्ते. तीनदा वाचला, दोन पॅरेग्राफ उडवले (वाईट वाटलं, चांगले होते) आणि सेंड केला.

उत्तर अर्ध्या तासात आलं. भोसरीचा 'फील्ड डे' शुक्रवारी करायला हरकत नाही. बाकी फॉरमॅट सर्व रीजन्ससाठी समान राहील, कृपया आज सहापर्यंत नाव द्यावे.

सहाला पाच मिनिटं असताना साहेबाने नाव टाकलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'रिकव्हरी शंभर टक्के'. सिस्टिमने ते निमूट घेतलं. मग त्याने पोराला फोन लावला आणि स्वतः सांगितलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा हे बरं, म्हणाला. मी समोरच बसले होते, फोन स्पीकरवर नव्हता, तरी मागचा आवाज ऐकू येत होता. खटखट, खटखट.

दोन दिवसांनी पोराचा मलाच फोन आला. मला वाटलं नोकरीबद्दल बोलेल.

"मॅडम, लेखात अण्णांचं नाव छापू नका. व्यापारी वाचतोय."

नाही छापत, मी म्हटलं. आणि तुझं काय?

"बघू की. अण्णा एक रॅपियर बघूया म्हणालेत. एकच. जुने काही माग काढून २७च्या आत बसतंय का, त्याचा हिशेब करायला उद्या सकाळी बोलावलंय, पाळी बदलताना."